दसरा न निघालेलं घर

घटस्थापना आठ दिवसांवर आली की परभणी जिल्ह्यातल्या बाया दसरा काढायला घेतात. दसरा काढायचा म्हणजे अख्खं घर उलथंपालथं करायचं. फळीवरचे डबे खाली येतात, उतरंडीतली मडकी उन्हाला लागतात, गोधड्या-वाकळांची गठुडी कुणी डोक्यावर, कुणी सायकलवर, कुणी टमटममध्ये टाकून पाण्यावर नेतात. गंगाखेडला गंगेवर (गोदावरीला इकडं गंगाच म्हणतात), सेलूकडं दुधनेवर, नदी आटलेली असली तर कुणाच्या तरी विहिरीवर. संध्याकाळी काठावरच्या बाभळींवर वाकळा वाळत पडलेल्या असतात. ज्या घराचा दसरा निघाला नाही त्या घराचं काहीतरी बिनसलंय, हे गल्लीला वेगळं सांगावं लागत नाही.

असं घर मोठ्या गावात कुठल्या ना कुठल्या गल्लीत असतंच. दाराची एकच फळी उघडी, तीही हातभर. आत पोत्यांवर पोती, त्यावर डबे, त्यावर कपड्यांची बोचकी. मधून जेमतेम एका माणसाला आडवं होऊन जाता येईल अशी वाट. वास बोळाच्या तोंडापर्यंत. आत एकटी म्हातारी किंवा एकटा म्हातारा, कधी दोघं. गल्लीचा निकाल झटपट लागतो: घरात अवदसा शिरली. लक्ष्मीपूजनाच्या रात्री सूप वाजवून अलक्ष्मीला हाकलणारी माणसं आपण. घाण आणि पाप यांची सांगड आपल्या मनात फार जुनी आहे, त्यामुळे घाणीत राहणारा माणूस आपल्याला आजारी वाटायच्या आधी दोषी वाटतो. मग पुण्याहून मुलगा येतो, ट्रॅक्टर लावतो, दोन ट्रॉल्या भरून माल गावाबाहेर नेऊन टाकतो, भिंतींना चुना मारतो आणि सुट्टी संपली म्हणून परत जातो. वर्ष-दीड वर्षात घर पुन्हा भरतं. फक्त या वेळी दार मुलालाही उघडलं जात नाही.

या ट्रॉलीविषयी मला लिहायचं आहे, कारण मदत म्हणून आपण जे काही करतो त्यातलं सगळ्यांत घातक काम तेच आहे.

आधी एक गोष्ट कबूल करायला हवी. साठवणं हा इकडं अवगुण नाही, शहाणपण आहे. आज सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाने १९७२ चा दुष्काळ अंगावर काढला आहे. खडी फोडायला गेलेली, परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन दिवस ढकललेली ही पिढी. ज्याने ज्वारीचे दाणे मोजून शिजवले त्याला तेलाचा रिकामा डबा टाकून दे म्हणणं म्हणजे वेडेपणाचा सल्ला. आणि टंचाई काही इतिहासजमा झालेली नाही. परभणी शहरात नळाला रोज पाणी येत नाही हे लहान पोरही सांगेल. तेव्हा टिपाडं, बॅरल, घागरी, कॅन, बाटल्या सगळं भरून ठेवायचं. डेंग्यूच्या दिवसांत आरोग्य खात्याचा माणूस येऊन आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, भांडी पालथी करा म्हणतो. पालथं केलेलं पाणी पुन्हा कधी येणार, हे त्याच्या पत्रकात नसतं. अशा गावात भरलेलं घर पाहून ‘आजार’ म्हणायची घाई करू नये. जुन्या वाड्यांत भिंतीतलं बळद, अंगणातलं पेव, माळवदाखालचा माळा, हे सगळं साठवणीसाठीच तर होतं.

मग रेघ कुठं मारायची? सामान किती आहे यावर नाही, घर वापरता येतं का यावर. खाटेवर झोपता येतं का? चूल किंवा शेगडी पेटवता येते का, आणि पेटवली तर शेजारचं बोचकं पेट घेईल का? संडास संडासासाठी मोकळा आहे का? रात्री उठून दारापर्यंत न पडता जाता येतं का? अमेरिकेतले अभ्यासक रँडी फ्रॉस्ट आणि गेल स्टेकेटी यांनी या विषयावर बरंच काम केलं. त्यांनी सहकाऱ्यांसोबत तयार केलेली एक चित्रपट्टी जगभर वापरतात: स्वयंपाकघर, झोपायची खोली आणि बैठकीची खोली यांची प्रत्येकी नऊ चित्रं, रिकाम्यापासून छतापर्यंत भरलेल्यापर्यंत. चौथ्या चित्रापर्यंत घर पोचलं की काळजी करायची. आपल्याकडं तिन्ही खोल्या बऱ्याचदा एकच असतात, त्यामुळे ती पट्टी जशीच्या तशी चालायची नाही. पण वरचे चार प्रश्न चालतात, आणि ते विचारायला डॉक्टर लागत नाही.

वैद्यकाने या माणसांकडं नीट पाहिलं ते तसं अलीकडं. १९६६ साली इंग्लंडमधल्या मॅकमिलन आणि शॉ यांनी अशा ७२ जणांचा अभ्यास छापला. मग १९७५ साली ‘लॅन्सेट’मध्ये क्लार्क, मंकीकर आणि ग्रे या तिघांचा लेख आला. मधलं नाव वाचून मराठी वाचक थबकतोच. त्यांनी रुग्णालयात आणलेल्या ३० म्हाताऱ्या माणसांची पाहणी केली होती. सगळ्यांची घरं गलिच्छ, अंगावरचे कपडे मळके, आणि त्याची लाज कुणालाच नाही. दोघं सोडून बाकी सगळे एकटे राहणारे. गरिबी हे कारण नव्हतं. निम्म्यांना कुठलाही मानसिक आजार सापडला नाही, उलट त्यांची बुद्धी सरासरीपेक्षा वरची निघाली. बऱ्याच जणांनी आयुष्यात चांगले हुद्दे, चांगले धंदे सांभाळले होते. सरकारी समाजसेवा खात्याला हे सगळेच माहीत होते, आणि एक तृतीयांश जणांनी मदत पुन्हा पुन्हा नाकारली होती. दवाखान्यात आले ते घाणीमुळे नव्हे. पडले, कोसळले म्हणून आणले गेले. रक्त तपासलं तर लोह कमी, फोलेट कमी, बी-१२ कमी, क आणि ड जीवनसत्त्व कमी, प्रथिनं कमी, पोटॅशियम कमी, अंगात पाणीसुद्धा कमी. ४६ टक्के दगावले, त्यात बायका अधिक. वाचले त्यांच्यातले बहुतेक चांगले सुधारून घरी गेले.

या लेखातली माझ्या मते सगळ्यांत मोलाची गोष्ट ही शेवटची: वाचलेले सुधारले. घर नंतर, आधी माणूस तपासा. त्या तिघांनी या अवस्थेला डायोजेनिस या ग्रीक तत्त्वज्ञाचं नाव दिलं. त्यावरून पुढं विद्वानांची बरीच भांडणं झाली, ती आपण सोडून देऊ.

पसारा साठवण्याच्या विकाराला मात्र आता स्वतःचं स्थान आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ च्या पुस्तिकेत तो वेगळा विकार म्हणून नोंदवला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आजार-यादीतही तो आहे. गंमत अशी की तो सहसा म्हातारपणी सुरू होत नाही. बऱ्याच जणांत तो अकरा ते पंधरा वर्षांच्या वयात डोकं वर काढतो आणि दर दशकाला वाढत जातो. तरुणपणी आई, नंतर नवरा किंवा बायको, सून, कुणीतरी त्याला आवर घालत असतं. ती माणसं गेली की आवरही जातो. म्हणून ‘नवरा गेल्यापासून हिचं असं झालं’ या वाक्यात अर्धंच खरं असतं. हयातभर टापटीप असलेल्या माणसाचं घर मात्र साठीनंतर दोन-तीन वर्षांत कचऱ्याने भरू लागलं, उष्टं-खरकटंही साठू लागलं, तर तो वेगळा मामला. मेंदूच्या पुढच्या भागाला झालेली इजा, स्मृतिभ्रंश, खोल नैराश्य, दारू, बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, यातलं काहीही मागं असू शकतं. भारतात साठीपुढच्या शंभरातल्या सात-साडेसात जणांना स्मृतिभ्रंश असावा असा अंदाज २०२३ साली छापून आलेल्या देशव्यापी अभ्यासाने दिला आहे. आणि सगळ्यांत साधं कारण, जे कुणाच्या ध्यानात येत नाही: मोतीबिंदू. ज्याला जळमट दिसत नाही तो ते काढणार कसं? वयाबरोबर वासही कमी येतो. शेजाऱ्याला जो दर्प असह्य होतो तो आतल्या माणसाच्या गावीही नसतो.

असं एक घर मी जवळून पाहिलं आहे. नात्यातल्या एक काकू, जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावच्या. नवरा जिनिंगमध्ये मुकादम होता, तो वारला. पोरं चाकणला, लेक नांदेडला. काकूंच्या घरात दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, वाळवून, चौकोनी घड्या घालून सुतळीने बांधलेल्या गड्ड्यांत होत्या. लग्नपत्रिका तीस-चाळीस वर्षांच्या. प्रत्येकीवर गणपती छापलेला, तो केरात कसा टाकायचा? म्हणून आधी गणपती कापून वेगळे ठेवायचं ठरलं, मग कापायचं राहिलं, मग सगळंच राहिलं. सरकारी अनुदानातून बांधलेल्या संडासात पऱ्हाट्या रचलेल्या. गॅस आला तरी सरपण हाताशी असावं म्हणून. खाटेवर बोचकी, काकू भिंतीला टेकून पोत्यावर बसल्या बसल्या झोपायच्या. काही टाकू या म्हटलं की एकच उत्तर: “टाकायला काय लागतंय, आणायला जीव जातोय.”

एका मे महिन्यात त्यांना लेकीकडं नांदेडला पाठवून पोरांनी घर रिकामं केलं. दोन ट्रॉल्या. त्यात एक डालड्याचा डबा गेला. त्यात मुदतठेवीच्या पावत्या आणि नवऱ्याच्या भविष्यनिर्वाह निधीचे कागद होते. काकू परतल्या, उंबऱ्यात उभ्या राहून सगळं पाहिलं आणि म्हणाल्या, “चोर शिरला तरी कामाचंच नेतो. ह्यांनी समदं नेलं.” थोरला ओरडला, धाकटा रडला. तिघांतलं कुणीच चुकीचं नव्हतं असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. पुढच्या दिवाळीपर्यंत ओसरी पुन्हा भरली. भंगारवाला यायचा, तर काकू त्याला विकण्याऐवजी त्याच्याकडूनच रिकामे डबे विकत घ्यायच्या. पोरांचा फोन उचलणं बंद. दाराला आतून कडी, वर साखळी.

हे एकट्या काकूंचं नाही. या विकारावर काम करणारे लोक जगभर हेच सांगतात: माणसाच्या मर्जीविना केलेली सफाई टिकत नाही, आणि ती करणाऱ्यावरचा विश्वास मात्र कायमचा जातो.

शहरांत अशी बंद दारं बातमी होतात. ऑगस्ट २०१७ मध्ये ओशिवऱ्याच्या एका उंच इमारतीत अमेरिकेहून आलेल्या मुलाला आईचा सांगाडाच सापडला होता. २०२५ मध्ये नवी मुंबईच्या जुईनगरमध्ये एका पन्नाशी ओलांडलेल्या, पूर्वी संगणकावर काम करणाऱ्या माणसाला पनवेलच्या सील आश्रमाच्या कार्यकर्त्यांनी कचऱ्याने भरलेल्या फ्लॅटमधून बाहेर काढलं. आईवडिलांच्या मृत्यूनंतर तीनेक वर्षं तो दाराबाहेर पडला नव्हता. ऑनलाइन मागवलेल्या जेवणावर जगत होता, पायाला संसर्ग झाला होता. अशी बातमी आली की आपण म्हणतो, शहरात माणुसकी उरली नाही, आमच्याकडं असं होत नाही. आमच्याकडं सांगाडा होईपर्यंत वेळ जात नाही हे खरं. शेजारीण भाकरी सरकवते. पण भाकरी सरकवणारी शेजारीणही दाराच्या आत पाय ठेवत नाही, आणि गावाला सगळं ठाऊक असूनही कुणी काही करत नाही, याला माणुसकी म्हणायचं की सवय, मला ठरवता येत नाही. शिवाय इथले धोके वेगळे. जमिनीवर झोपणाऱ्या म्हातारीच्या अंथरुणात रात्री मण्यार येते ती उंदरांमागं, आणि उंदीर येतात ते पोत्यांमागं.

कायदा काय म्हणतो? आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा सगळ्यांना पोटगीपुरता ठाऊक आहे. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याकडं जातो. या कायद्याच्या नियमांत आणखी एक गोष्ट आहे. प्रत्येक पोलीस ठाण्याने आपल्या हद्दीतल्या एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवायची आणि महिन्यातून एकदा समाजसेवकाला सोबत घेऊन त्यांना भेटायचं. तुमच्या ठाण्यात ही यादी मागून पाहा. दुसरा कायदा २०१७ चा, मानसिक आरोग्यसेवेचा. त्याच्या १०१ व्या कलमाने मानसिक आजार असलेल्या माणसाची घरातच हेळसांड होत असल्याचं दिसलं तर ठाणेदाराने दंडाधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक केलं आहे. शेजाऱ्यालाही ते ठाण्यात कळवता येतं. पण हाच कायदा असंही मानतो की स्वतःचं भलंबुरं समजणाऱ्या माणसाने उपचार नाकारले तर तो त्याचा हक्क आहे. घाणेरडं घर म्हणजे भान सुटलेला माणूस, असं गृहीत धरता येत नाही. मंकीकरांच्या तिसांतले निम्मे आठवा. राहिली महापालिका आणि नगरपालिका. त्यांच्या हातात स्वच्छतेची नोटीस असते, आणि नोटिशीच्या शेवटी ट्रॉलीच असते.

डॉक्टरांचं म्हणाल तर राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथं उभी राहिली. मराठवाड्याच्या वाट्याला त्या चारांतलं एकही आलं नाही. परभणीत जिल्हा रुग्णालय आहे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, अलीकडं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही झालं. फोनवर १४४१६ हा मानसिक आरोग्याचा आणि १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा क्रमांक आहे. पण जो माणूस दार उघडत नाही तो फोन लावेल ही अपेक्षाच चुकीची. त्याच्यापर्यंत कुणीतरी जायला हवं.

आणि जाणारे लोक आहेत. फक्त त्यांना कुणी विचारत नाही. रेशन दुकानदाराला ठाऊक असतं की अमुक आजीचा अंगठा यंत्रावर तीन महिने उमटला नाही. तहसीलच्या संजय गांधी-श्रावणबाळ शाखेत दरवर्षी हयातीचे दाखले जमा होतात. ज्यांचे येत नाहीत त्यांचं अनुदान थांबतं, पण दाखला का आला नाही हे बघायला कुणी घरी जात नाही. माणूस मेला असेल, पुण्याला गेला असेल, किंवा दारापर्यंत पोचायची वाट पसाऱ्याखाली बुजली असेल. कागदावर तिघंही सारखेच. गॅसची टाकी देणारा पोरगा, दूधवाला, भंगारवाला यांना तर आतलं सगळं दिसतं. आणि आशाताई. हजार लोकवस्तीमागं एक. या जिल्ह्यात तर २०१५ पासून ‘प्रेरणा प्रकल्पा’त शेतकरी कुटुंबांत उदासी, झोप, जीव द्यायचे विचार याविषयी विचारपूस करायचं काम आशांना शिकवलं गेलं आहे. त्यांच्या तपासणीच्या छापील फॉर्मात साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत: उभं राहताना तोल जातो का, रोजच्या कामाला कुणाची मदत लागते का, घरच्यांची नावं किंवा पत्ता विसरता का. स्वयंपाकाला कुठलं सरपण वापरता हेसुद्धा आहे. चुलीपर्यंत पोचता येतं का, हे नाही.

काकूंच्या दाराची कडी निघाली ती अशाच एका आशाताईमुळे. काकू न्हाणीत घसरून पडल्या, हात दुखावला. ताई बीपी बघायला आल्या. आत गेल्याच नाहीत, उंबऱ्याबाहेर पायरीवर बसल्या. घराविषयी चकार शब्द काढला नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा, त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. मग एकदा म्हणाल्या, “काकू, ऊन लई लागलं, चहा टाका की घोटभर.” आलेल्या बाईला चहा नाही म्हणणं काकूंच्या रक्तात नव्हतं. पण शेगडी गोण्यांखाली होती. त्या दिवशी चहा झाला नाही. पुढच्या भेटीला मात्र शेगडीभोवती दोन हात जागा मोकळी झालेली होती, काकूंनी स्वतः केलेली, आणि गुळाचा चहा तयार होता.

यात जी अक्कल आहे ती पुस्तकांतल्या शिफारशींपेक्षा वेगळी नाही, पण तिला गुळाचा वास आहे. आधी आग, मग वाट, मग झोपायची जागा, मग संडास. बाकीचं घर राहू द्यावं. काय ठेवायचं आणि काय जाऊ द्यायचं ते ज्याचं त्याने आपल्या हाताने ठरवायचं, भले तासाभरात चारच गड्ड्या निघोत. ‘कचरा’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. एकच माणूस, ठरलेल्या दिवशी. आणि पसाऱ्याला हात लावण्याआधी रक्त तपासायचं, डोळे तपासायचे.

काकूंच्या डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू निघाला. शिबिरात ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर घरी आल्या, वर पाहिलं आणि चिडून म्हणाल्या, “एवढी जळमटं कवा झाली? कुणी सांगितलं न्हाई मला?” बी-१२ ची इंजेक्शनं झाली. संडासातल्या पऱ्हाट्या परसात गेल्या. खाट मोकळी झाली. गणपती कापून झाले, त्यांचं गंगेत विसर्जन झालं, उरलेल्या पत्रिका रद्दीत गेल्या; पैसे काकूंनी मोजून घेतले. दुधाच्या पिशव्यांना मात्र अजून कुणाचा हात लागू देत नाहीत, आणि मधली खोली आजही छताला टेकलेली आहे. थोरला दर सणाला ताईंना फोनवर विचारतो, ती खोली कधी रिकामी होणार? ताईंचं उत्तर ठरलेलं: “नाही झाली तर काय बिघडलं?”

ताई अजूनही आठवड्याला जातात. आशांना ठरावीक मानधनाखेरीज मोबदला कामागणिक मिळतो: लसीकरणाचे इतके, बाळंतपणाचे इतके, कुष्ठरोगाच्या सर्वेक्षणाचे इतके. दर महिन्याला त्या आपला हिशेब भरून देतात. काकूंच्या घरच्या भेटी लिहायला त्यात रकाना नाही, म्हणून त्या कुठंच लिहिलेल्या नाहीत.